गुरुपादप्पांची दुनळी

भूकंपाला दोन वर्षं झाली, तरी लातूरच्या गुरुपादप्पांची धास्ती उतरली नव्हती. फक्त तिचा रोख बदलला होता. आधी संशय जमिनीवर होता, आता माणसांवर. शहरात कोचिंग क्लास निघाले, गल्लीत रोज नवी तोंडं दिसू लागली, आणि बियाण्याच्या दुकानात बसून गुरुपादप्पा प्रत्येकाकडं चोर म्हणूनच बघू लागले. (गिऱ्हाइकाकडंही.) शेवटी लायसन काढून त्यांनी दुनळी बंदूक आणली.

"चोर आला तर काडतूस भरूस्तोवर त्याला च्या पाजायचा का?" बायकोनं, गौरम्मांनी विचारलं.

"म्हणून तर भरूनच ठेवलीय!"

सगळ्यात जास्त संशय माडीवरच्या भाडेकरूवर. शारिक मास्तर क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे आणि घरी दार लावून बसायचे.

"पेपर तपासत्यात ते," गौरम्मा म्हणाल्या.

"दार लावून?"

एका दुपारी गुरुपादप्पा जेवून लवंडले होते. गच्चीवर पावलं वाजली. दबकी. मास्तर तर क्लासला गेलेले! बंदूक घेऊन ते जिना चढू लागले. सातव्या पायरीवर धोतरात पाय अडकला, बोट चापावर दाबलं गेलं आणि धाडकन बार उडाला.

"भूकंप! भूकंप!" अख्खी गल्ली मैदानाकडं धावली. गुरुपादप्पाही. (बार आपणच उडवला, हे मैदानात पोचल्यावर ध्यानात आलं.)

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे होते. गौरम्मा नव्हत्या.

गच्चीवर ती पावलं कुणाची होती, ते त्यांना आत्ता उमगलं. ते घराकडं धावत सुटले.

तेवढ्यात गौरम्मा आल्या. नखशिखांत भिजलेल्या, हातात गच्चीवर वाळत घातलेला पापड, तोही ओला. छर्रे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत घुसले होते, गौरम्मांपासून हातभर अंतरावर.

"लागलं न्हाई ना गं?" गुरुपादप्पा लहान लेकरासारखे रडू लागले.

मागून धापा टाकत मास्तर आले. "क्लासवरून येतो तो काय, सगळ्यांची घरं सताड उघडी! कड्या लावत आलो."

गुरुपादप्पांना वर बघवेना.

संध्याकाळच्या आत गौरम्मांनीच नवऱ्याला आणि बंदुकीला पोलीस ठाण्यात नेलं. बंदूक जमा करून घेताना हवालदारानं विचारलं, "बार उडाल्यावर चोर पळताना कुणी बघितला का?"

"पळाले हेच," गौरम्मा म्हणाल्या. "सगळ्या गल्लीच्या पुढं."