शाल मंडळाची, मान तुमचा

आमच्या अण्णाच्या पिशवीत एक शाल आन् एक नारळ कायम असायचा. बाकीचे लोक गावाला निघाले की भाकर घेत्यात, छत्री घेत्यात. अण्णा सत्कार घेऊन निघायचे. "कोन कुठं घावंल सांगता येत न्हाई बन्स्या," म्हनायचे.

बन्स्या म्हंजी मी. आमचं गाव युसूफ वडगावच्या अलीकडं. तिथल्या सोसायटीचा, म्हंजी शेतकऱ्यायला पीककर्ज देनाऱ्या सोसायटीचा, मी शिपाई आन् अण्णा सेक्रेटरी. माज्या शिक्षनाचं म्हनाल तर शाळेची घंटा चोरीला गेलती तवा हजेरीत न्हाई पन संशयात माजं नाव पयलं आलतं. तेवढंच माजं शाळेतलं नाव.

तालुक्याच्या गावी मोठ्या लोकायचा क्लब हाय. हुशार पोरायला शिष्यवृत्ती देत्यात, पेपरात फोटू येतो. ते बगून अण्णाच्या बी मनात आलं. त्यायला सोताचं लेकरू न्हाई, अण्णी वारून लई वर्सं झाली, सोसायटी बंद झाली की घरात नुसता रेडू वाजायचा. त्यायनी सोसायटीच्या पडवीला पाटी लावली, 'विद्यार्थी सेवा क्लब'. आमच्याकडं क्लब म्हनलं की लोकायला पत्तेच दिसत्यात. पयल्याच हप्त्यात शेजारच्या गावचे जुगारी आले आन् मला म्हनले, "कावून बे, सतरंजी कुठं हाय?" दुसऱ्या दिवशी हवालदार येऊन गेला. त्यानं धरलं कोनाला? मलाच. चेहऱ्यावरून. मंग अण्णानं 'क्लब' पुसून 'मंडळ' लिवलं.

पैशे गोळा करायची अण्णाची तऱ्हा येगळी. उभा जन्म वसुलीत गेल्याला मानूस. त्यायला ठावं व्हतं की मागायला गेलं की लोक मागच्या दारानं पळत्यात. म्हनून ते आधी सत्कार करायचे. भर बाजारात, कुनी आडत्या वांगी निवडायला वाकला की मागून त्याच्या अंगावर शाल पडायची. मी वरडायचो, "समाजभूषन!" लोक जमायचे. नारळ हातात, गळ्यात झेंडू. आता चारचौघात समाजभूषन झालेला मानूस पोरायच्या शिक्षनाला न्हाई कसा म्हननार? खिशात हात घातला की अण्णा शाल हळूच काढून घ्यायचे आन् घडी घालीत म्हनायचे, "शाल मंडळाची, मान तुमचा."

नारळ बी तोच. आतलं पानी कवाच आटलं व्हतं, हालवला की खुळखुळ्यावानी वाजायचा.

एकदा माजा बी सत्कार केला. कावून, तर दुसरं कोनी घावलं न्हाई. मी शाल पांघरून थेट घरी गेलो. बायकू म्हनली, "आजपातूर तुमाला कोनी हाड म्हनलं न्हाई ते नशीब, आन् आज शाल?" तिनं आरती ओवाळली. सकाळी अण्णा दारात. तवर बायकूनं ती शाल शेळीच्या पिलाला गुंडाळली व्हती. अण्णानं पिलाकडं बगितलं, माज्याकडं बगितलं. "ह्यो सत्कार जास्त योग्य झाला," म्हनले, आन् शाल झटकून घेऊन गेले.

मंग ती दुस्काळाची साल आली. पाऊस नुसता आभाळात हिंडून गेला. कापूस गुडघ्याला लागला न्हाई, व्हता तेवढा ऊस छावनीतल्या जनावरायनी खाल्ला. सोसायटीत कुत्रं फिरकंना. पैसा दोघांकडंच: बोअर पाडनाऱ्याकडं आन् टँकरवाल्याकडं. अण्णा म्हनले, "चल, टँकरवाल्याला गाठू."

टँकर गावात आला की बाया घागरी घेऊन तुटून पडायच्या. त्या गर्दीत अण्णा एका बाजूनं चढले, दुसऱ्या बाजूनं मी. ड्रायव्हरला वाटलं मारायला आले. त्यानं काचा लावल्या. मी "समाजभूषन!" म्हनून खाली उडी टाकली तर पाय एका घागरीत. घागर कोनाची? माज्याच बायकूची. ती म्हनली, "तुमचं समाजभूषन गेलं खड्ड्यात, आदी पाय काढा!" शेवटी ड्रायव्हरनं काच खाली केली. अंगावर शाल पडली तसा तो रडायलाच लागला. "लोक मला रोज आईवरून शिव्या देत्यात अण्णा," म्हनला, "शाल पयल्यांदा." त्यानं खिशात व्हतं तेवढं दिलं. शाल मातर सोडंना. अण्णा आन् तो लई येळ एकेक टोक धरून उभे.

आसं करून मंडळाच्या पयल्या शिष्यवृत्तीचे पैशे जमले. कोनाला द्यायची यात वाद नव्हताच. मारुतीची सुमन बारावीला तालुक्यात पयली आलती. तिला नर्शिंगला जायचं व्हतं. मारुती आन् त्याची बायकू दरसाल ऊसतोडीला जानारी मानसं, त्यायच्याकडं फी कुठली?

पैशे तिथंच हातात दिले असते तर झालं असतं. पन अण्णाला कार्यक्रम पायजे. आन् कार्यक्रमाला साखर कारखान्याचे चेअरमन पायजेत. "मोठ्याच्या हातून दिलं की लोक बगत्यात. पुढच्या साली दहा पोरी शिकत्यात." बोलनं खोटं नव्हतं. पन चेअरमनची तारीक मिळंना. आज मीटिंग, उद्या मुंबई, परवा कुनाच्या तरी दहाव्याला.

सुमन सोसायटीच्या दारात येऊन उभी राहायची. आत यायची न्हाई.

"अण्णा, कदी हाय कार्यक्रम?"

"झालंच बग. चेअरमनचा होकार हाय. फोटू येनार तुजा."

"बा म्हनायलाय, ह्या साली पाऊस न्हाई, तोडीची गाडी दसऱ्यालाच येनार."

"अगं तुला कुठं जायचंय गाडीत? तू दवाखान्यात जायचीस, पांढऱ्या कपड्यात."

ती हासली. जाताना दारातली माजी चप्पल नीट सरकवून गेली.

दसरा गेला. दिवाळीच्या तोंडावर चेअरमन आले. मांडव, हार, फोटूवाला. अण्णानं नाव पुकारलं. कोनी उठंना. परत पुकारलं. मागून एक म्हातारी म्हनली, "आरं, मारुतीच्या घराला कवाचं कुलूप हाय. टोळी सांगलीकडं गेली की."

चेअरमन घड्याळ बगायले. फोटूवाला एक डोळा मिटून बसल्याला. अण्णाचा चेहरा पार उतरला. माज्याकडं बगून म्हनले, "बन्स्या, चढ."

चढलो. चेअरमनचं ध्यान मोबाईलात. त्यायनी पाकीट माज्या हातात ठिवलं, माज्या टकलावर हात फिरवला आन् म्हनले, "बाळ, खूप शिक." मिशा असलेलं, चाळिशीतलं बाळ. गाव हासून हासून लोळलं. पेपरात फोटू आला, खाली लिवलेलं, 'गुणवंत विद्यार्थिनी'. माजी बायकू अजून पाव्हन्यायला दाखवती.

अण्णा तेवढे हासले न्हाईत. फोटू आला त्या दिवशी पाकीट खिशात घातलं आन् म्हनले, "चल, सांगलीकडची गाडी कुठून मिळती बगू."

उसाच्या फडावर पोचलो तवा दुपार व्हती. तोडलेल्या उसाचा पाला, धूळ, आन् त्यात एक पोरगी मोळ्या बांधायली. साडीवरून बापाचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. मी वळखलंच न्हाई. अण्णानं वळखलं. गळ्यातलं नवं मंगळसूत्र बी त्यायनीच आदी बगितलं. तिनं अण्णाला बगून डोक्याचं फडकं सावरलं.

फडात नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. एकटं मानूस म्हंजी अर्धा कोयता, त्याला आगाव पैशाची उचल बी अर्धी, मुकादमाला नको बी असतो. म्हनून घाईनं दसऱ्याच्या आदी लगीन लावलं, शेजारच्या गावचा पोरगा बगून. तो तिथंच कोयता घेऊन उभा व्हता, मान खाली घालून. त्यालाच काय म्हननार? त्याचं बी लगीन त्याला इचारून झालं नव्हतं.

अण्णानं पाकीट पुढं केलं.

सुमननं घेतलं न्हाई. "फारमाची तारीक गेली अण्णा," म्हनली. रागानं न्हाई, हिशेब सांगावा तसं. "माज्या मागं धाकटी मंदा हाय, मामाकडं ऱ्हाऊन अकरावीला. तिला द्या. पन कार्यक्रम नका करू. नुसते द्या. गाडी यायच्या आत द्या."

मंग म्हनली, "लई लांबून आलात. चा टाकू का?"

अण्णानं पायजमा गुडघ्यापातूर खोचला, तिच्या हातातलं मोळी आवळायचं वाड्याचं बांधकं घेतलं आन् म्हनले, "तू बस जरा. तिकडं सावलीत."

"अण्णा, तुमाला न्हाई जमनार."

"न जमू दे. बस."

ती बैलगाडीच्या सावलीत जाऊन टेकली. अण्णा मोळ्या बांधायला लागले. पांढरा सदरा, साठीचा मानूस, उसाच्या पात्यानं हातावर वरखडे. मी बी लागलो. माज्या अंगाला उसाची कूस लागून मी माकडावानी खाजवायलो, म्हनून माज्या मोळीपेक्षा माजंच वझं जास्त. अण्णा एक मोळी बांधून म्होरं सरकले की ती मागं सुटायची. सुमनचा नवरा कोयता खाली ठिवून गुमान मागनं यायचा आन् परत आवळून बांधायचा. अण्णानं मागं बगितलं की हा आभाळाकडं बगायचा.

आसं ऊन कलंपातूर चाललं. मुकादम बांधावरून आला. गाडी भरली न्हाई म्हनून वरडायला त्यानं तोंड उघडलं, तसे अण्णा लगालगा त्याच्या म्होरं गेले आन् हात जोडले.

"दादा, हळू बोला. लेक झोपलीय."

गाडीच्या चाकाला डोकं टेकून सुमन झोपली व्हती. तोंडावर माशा बसायल्या तरी हलंना.

मुकादमानं माज्याकडं बगून बारीक आवाजात इचारलं, "कोन लागती ह्यायची?"

मी एक मोळी डोक्यावर घेतली आन् पाय न वाजवता गाडीकडं निघालो.