मोकलशेठ आडवे होतात

मोकलशेठ कुठलंही घर उभ्याने बघत नाहीत. जमिनीवर आडवे होऊन बघतात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते तळोज्याजवळच्या एका सरकारी वसाहतीत, आमची ओळख होण्याआधी; गर्दी दिसली म्हणून मी आत डोकावलो होतो. गरिबांसाठी बांधलेल्या घरांपैकी एक नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. दाराला झेंडूचं तोरण, आत मोठे साहेब, त्यांच्यामागे जरा लहान साहेब. फोटो निघत होते. तेवढ्यात गर्दीतून पांढऱ्या सदऱ्यातला एक दांडगा माणूस पुढे आला. त्याने दाराशी चपला काढल्या, साहेबांच्या बुटांशेजारी फरशीवर उताणा झोपला आणि छताकडे बघत म्हणाला, "साहेब, डोकं सैपाकाच्या ओट्याला लागलं नि पाय दाराभायेर गेले. आता बायको कुठं झोपवू नि पोरं कुठं झोपवू, तेवढं सांगा. मंग उठतो."

साहेबांनी फोटोवाल्याला हातानेच 'नको' म्हटलं. फोटोवाल्याला ते फोटो काढून झाल्यावर समजलं.

हिराजी मोकल हे आमचे नगरसेवक. कायम विरोधी बाकावरचे. मूळ खाडीकाठच्या एका गावातले. गावाच्या जागी टॉवर आले, तसे तेही करंजाड्यात आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. शेठ म्हणण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, पण आमच्या भागात अंगाने भरलेला आणि आवाजाने मोठा माणूस आपोआप शेठ होतो.

आमची ओळखही आडवीच झाली. मी विमा कंपनीतून निवृत्त होऊन पुण्याहून इथे आलेला. मतदार यादीतलं नाव तपासायला म्हणून ते घरी आले आणि बोलता बोलता हॉलमध्ये पसरले. वसुधा, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन आली आणि किंचाळली. तिला वाटलं, गेले.

"घाबरू नका वैनी," ते खालूनच म्हणाले, "हॉल बरा हाय तुमचा. पन पंखा डोक्यावर पायजे, तो पोटावर आलाय."

मग उठून त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "भाटेसाहेब, ती गाडी तुमची ना? नुसती उभी असते. गंजंल."

गाडी गंजू नये म्हणून त्यानंतर दर रविवारी मी त्यांना घेऊन वसाहतींमधून फिरू लागलो. पुढे पुढे पालिकेच्या सभांनाही जाऊन प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसू लागलो. निवृत्त माणसाला दुपारी कुठेतरी बसावंच लागतं.

सभागृहात ते उठले की समोरच्या बाकांवरचे लोक घड्याळ बघत. अध्यक्ष म्हणत, "मोकल, बसा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "बसतो, पन..." आणि त्या 'पन'च्या पुढे पाव तास जाई. लोक पाण्याविषयी, रस्त्यांविषयी विचारत. मोकलशेठ भलतंच विचारत. वसाहतीत कपडे वाळत घालायचे कुठं? म्हातारं माणूस वारलं तर जिन्यातून खाली आणायचं कसं? एकदा घरांच्या आराखड्यावर चर्चा चालली होती, तर म्हणाले, "एका खोलीचं घर. नवराबायकोचं भांडन झालं तर बाईनं रडायचं कुठं? मोरीत? ती तर सगळ्या मजल्याची एकच हाय."

सभागृह हसलं. त्यांच्याच पक्षाचे दोघेही हसले. मोकलशेठ हसू ओसरेपर्यंत उभे राहिले. "हसा," म्हणाले, "पन हिच्यात इचार करायसारखं हाय."

त्यांचा सगळ्यात जुना प्रश्न होता त्या तळोज्याच्या वसाहतीतल्या पाळणाघराचा. तिथल्या बहुतेक बाया कारखान्यांत पाळीने कामाला जात. नकाशात पाळणाघर होतं. तळमजल्यावर खोलीही होती आणि तिच्या दारावर गाजर खाणारा ससा रंगवलेला होता. बरोबर सशाच्या तोंडावर कुलूप. आत ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोण्या. कुठल्या खात्याची ती खोली, ते इथे लिहीत नाही. दर सभेत उत्तर यायचं की कार्यवाही सुरू आहे.

"सुरू हाय म्हंजे," मोकलशेठनी विचारलं, "रांगते का चालते?"

या वाक्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट मिळाली. खोलीची किल्ली काही मिळाली नाही.

त्याच वसाहतीत, वरच्या मजल्यावर, सरिता राहायची. नवरा सोडून गेलेला. ती एका कारखान्यात पॅकिंगला. पाच वर्षांची पिंकी आणि तिच्याहून लहान ओम, अशी दोन मुलं. शेजारपाजारच्या सगळ्या कामावर जाणाऱ्या, आणि जिन्यात दिवसाढवळ्या दारू पिणारी टोळकी. म्हणून ती मुलांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जायची. आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्याकडच्या खिडकीच्या गजांना धरून पिंकी उभी होती.

"तू कोन?" तिने विचारलं.

"मी नगरसेवक," मोकलशेठ म्हणाले.

"ते काय असतं?"

"ते मला पन नीट म्हाईत नाय."

त्यांनी खिशातून चिक्की काढून गजांतून दिली. पिंकीने ती दाताने तोडून अर्धी ओमला दिली. मग बराच वेळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुला कुलूप उघडता येतं का?"

मोकलशेठनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. परतताना मी सिग्नल तोडला, ते त्यांना कळलंही नाही.

पुढच्या खेपेला सरिता घरी होती. मला वाटलं, ते तिला समजावतील. त्यांनी फक्त आत जाऊन खिडकीच्या गजांना हात लावून पाहिला आणि विचारलं, "पानी ठेवून जातेस ना गं पोरांजवळ?"

"ठेवते दादा. बिस्किटं पन ठेवते," ती म्हणाली. ती खाली मान घालून बोलत होती.

त्यानंतरच्या सभेत ते पाळणाघरावर इतके बोलले की अध्यक्षांनी माईक बंद केला. ते माईकशिवाय बोलत राहिले. त्यांना माईकची गरज नव्हतीच. आश्वासन मिळालं, "लवकरच."

आणि मग ती सकाळ आली. वीज जाऊन परत आली होती. पंख्याच्या वायरीने पेट घेतला आणि ठिणग्या गादीवर पडल्या. खालच्या दुकानदाराला खिडकीतून धूर दिसला. माणसं धावली, कुणी पहार आणली, कुणी दगड आणला. कुलूप चांगलं होतं. सरिताने मुद्दाम महागाचं घेतलं होतं. ते तुटेपर्यंत फार वेळ गेला. ओम खिडकीखाली सापडला, तो वाचला. पिंकी ओट्याखाली होती.

मोकलशेठना फोन आला तेव्हा ते आमच्याकडे चहा पीत होते. कप तसाच ठेवून उठले. इस्पितळाच्या व्हरांड्यात सरिता भिंतीला टेकून खाली बसली होती. डोक्यावर कारखान्याची जाळीची टोपी तशीच. मोकलशेठ शेजारी जमिनीवर बसले. ती एकच वाक्य म्हणत होती, "दादा, मी कुलूप लावलं. दादा, कुलूप मी लावलं." त्यांनी तिची टोपी काढून आपल्या हातात धरली. टोपी संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातातच होती.

दोन दिवसांत सरितावरच निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. आणि मोकलशेठच्या दारात त्यांच्या पक्षाचे पुढारी उभे राहिले. मी तिथेच होतो.

"शेठ, त्या बाईला सभागृहात घेऊन या," पुढारी म्हणाले. "गॅलरीत बसवू. कॅमेरे येतील. सरकारला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाय आननार."

"अहो, इतकी वर्षं तुम्हीच हा प्रश्न मांडताय!"

"प्रश्न मी मांडलाय. बाईला मांडनार नाय."

पुढारी चहा न घेता गेले. जाताना पायऱ्यांवर म्हणाले, "म्हणूनच हा माणूस विरोधात सडतोय." मोकलशेठना ते ऐकू गेलं असणार. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं, पुन्हा बंद केलं.

सभा भरली. सत्ताधारी बाजूचे एक सदस्य उठून म्हणाले की घटना दुःखद आहे, परंतु आईनेच जबाबदारी ओळखायला हवी होती, पोरांना कोंडून जाणारी ही कुठली आई. माना डोलल्या. मोकलशेठ उठले. कुणी 'बसा' म्हटलं नाही.

"पोरीच्या दाराला कुलूप आयनं लावलं," ते इतक्या हळू म्हणाले की मागचे पुढे झुकले. "बरोबर हाय. तिच्यावर केस हाय. खाली सशाच्या तोंडावर कुलूप कोनी लावलं? त्याच्यावर पन घाला. दोघांना एका बाकावर बसवा कोर्टात. मी बघायला येतो."

मग अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला. तो पथदिव्यांचा होता.

पाळणाघर मात्र उघडलं. फीत कापली गेली, त्या कार्यक्रमाला मोकलशेठना बोलावणं नव्हतं. आत अजून सिमेंटचा वास येतो. मदतनीस एकच आहे आणि ती दुपारी निघून जाते, त्यामुळे दुपारच्या पाळीच्या बाया अजूनही कुलूप लावतात. ओम तिथे जातो. दार लोटलं की रडतो, म्हणून ते उघडंच ठेवतात.

सरिताचा खटला चालू आहे. जामीन मोकलशेठच राहिले. तारखेला मी गाडी काढतो. ती मागे बसते, ओमला मांडीवर घेऊन.

मागच्या तारखेला तिला वसाहतीत सोडून आम्ही परत निघालो. मोकलशेठ बाहेर बघत होते. मग मला म्हणाले, "भाटेसाहेब, माझी आय मला बांधून जायची."

मला आधी कळलंच नाही. "कुठे?"

"मिठागरावर कामाला जायची. बाप नव्हता. झोपडीच्या बाजूला खाडी, भरतीचं पानी दारात यायचं. मी धावरा, कुठं पन पळायचा. म्हनून खांबाला दोरी नि दोरी माझ्या पायाला. दिसभर." ते थोडं हसले. "लोक बोलायचे तिला. पोराला बैलासारखा बांधते म्हनायचे. ती काय नाय बोलायची. सांजचं यायची, दोरी सोडायची नि पाय चोळत बसायची. हात मिठानं फुटलेले. ते माझ्या पायाला झोंबायचं. मी तिला सांगितलं नाय कदी."

मी गाडीचा वेग कमी केला.

"पयल्यांदा निवडून आलो, तवा पाया पडायला गेलो. म्हातारी झाली होती. मला वाटलं आशीर्वाद देईल. तर माझं मनगट धरून म्हनते, हिरा, त्या सभेत दोरीचं कुनाला सांगू नको हां."

"मग?"

"मंग काय. नाय सांगितलं. आजपत्तुर नाय. बाकी सगलं इचारलं."

इमारत आली. मी गाडी लावली, इंजिन बंद केलं. ते उतरले नाहीत. मी विचारलं, हे लिहिलं तर चालेल का?

"लिवा," ते म्हणाले. "आता चालंल. पन आयचं नाव नका लिवू."

म्हणून ते इथे नाही. मला मात्र त्यांनी सांगितलं, गाडीत बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता. एकदा सांगितलं, आणि मी काही विचारलेलं नसताना पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. त्यांच्या घरात ते नाव घ्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.