आर्विडचा एकुलता एक गोल

"शनिवारी गाडीखाली शिरतो," आर्विड न्याहारी करता करता म्हणाला. "गिअरबॉक्सचं फाउंडेशन रबर गेलंय. रिव्हर्स टाकला की खालून कुणीतरी लाथ घातल्यासारखा दणका बसतो. तुझ्या नव्या खुब्याला सोसायचा कसा?"

वर्नाची कॉफी टेबलावर सांडली.

"मला काही होत नाही त्या दणक्याने. उलट सवय झालीय."

"काल तू चांगली ओरडलीस."

"ते रविवारी चर्चमध्ये कॉफीची पाळी माझी आहे, हे आठवून."

गिअरबॉक्स आणि चासीची आडवी पट्टी यांच्यामध्ये तळहाताएवढं एक रबर असतं. गिअरबॉक्सची थरथर ते पोटात घेतं आणि माणसांपर्यंत येऊ देत नाही. आर्विडच्या जुन्या पिकअपमध्ये मात्र ते रबर नव्हतं. त्या जागी बर्फावरच्या हॉकीची काळी चकती होती आणि ती तिथे वर्नाने बसवली होती.

ही चकती साधी नव्हती. शाळेच्या अंतिम सामन्यात आर्विडने जन्मातला एकुलता एक गोल केला, तो हिच्यावर. खरं तर चकती टोलवली होती वर्नाच्या धाकट्या भावाने, लॉइडने. आर्विड बर्फावर घसरून पालथा पडला होता. चकती त्याच्या पार्श्वभागावर आपटली आणि जाळ्यात गेली. पंचांनी गोल आर्विडच्या नावावर लिहिला, चकतीही त्यालाच दिली. "गोल माझा, ढुंगण त्याचं," असं लॉइड तेव्हापासून गावभर सांगत होता. त्यामुळे एका हिवाळ्यात शेकोटीवरच्या फळीवरून चकती नाहीशी झाली, तेव्हा चोर शोधायला कुणाला फार लांब जावं लागलं नाही.

तो हिवाळा वर्नाला पक्का आठवत होता. आर्विडचं अपेंडिक्स फुटलं, त्याला रुग्णवाहिकेने डुलुथ शहरातल्या इस्पितळात नेलं. पिकअपचं रबर फाटून दोन तुकडे झालेले, रविवार म्हणून दुकानं बंद, पारा उणे तीसवर. वर्ना शेतकऱ्याची मुलगी होती. तिने घरातलं सगळ्यात टणक रबर शोधलं, मधोमध भोक पाडलं, बोल्ट आवळला आणि इस्पितळ गाठलं. भोक पाडताना ती रडली नाही. चकती आता फळीवर परत ठेवता येणार नाही, हे तिला तळ्याकाठच्या रस्त्यावर सुचलं, तेव्हा मात्र रडली.

आर्विड बरा होऊन आला की सांगू, असं तिने ठरवलं होतं. पण तो आला तो लॉइडला शिव्या देतच. त्यानंतर दर नाताळला जेवताना, "बटाटे घे, चकतीचोरा," हे ठरलेलं. लॉइड बिचारा बहिणीच्या मनासाठी ऐकून घेई आणि दर हिवाळ्यात येऊन त्यांच्या छपरावरचा बर्फ उपसून देई. वर्ना त्याच्यासाठी लिंबाच्या वड्या करी. दर वर्षी थोड्या जास्त.

आर्विड गाडीचं ऑइल स्वतः बदलायचा, तेव्हा वर्नाचा जीव खालीवर व्हायचा. पण ऑइलचं बूच पुढे असतं आणि ते रबर मागे, असं ती स्वतःला समजावायची.

आता समजावून भागणार नव्हतं. तिने दुकानात फोन करून चौऱ्याहत्तर सालच्या पिकअपचं रबर मागवलं. गुरुवारी आर्विड गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि तिने लॉइडला बोलावलं.

"त्याच्या गाडीखाली? मी?" लॉइड म्हणाला. "आधीच चोर आहे. उद्या गिअरबॉक्सही पळवला म्हणेल."

"माझा खुबा वाकत नाही. वड्या केल्यात."

गॅरेजमध्ये लॉइडने गिअरबॉक्सखाली फळी घालून जॅक चढवला आणि पोट आत ओढून गाडीखाली सरकला. वर्ना उपड्या बादलीवर टॉर्च धरून बसली. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"वर्ना."

"काय?"

"इथे रबर नाहीये."

"माहितीय मला."

"वर्ना, इथे माझा गोल आहे."

वर्नाने टॉर्च बाजूला वळवला.

"तीस वर्षं!" गाडीखालून आवाज आला. "नाताळला चोर, ईस्टरला चोर, माझ्या बायकोच्या मयताला चोर..."

"मयताला तो काही बोलला नव्हता."

"बघितलं होतं त्याने तसं!"

"हळू बोल, जॅक हलेल. आधी ती दे इकडे, नवं बसव."

चकती निघाली. नवं रबर मात्र बसेना. भोकं बोटभर इकडेतिकडे होती. लॉइडने जोर लावला, तसे त्याच्या पँटचे पट्टे कशाततरी अडकले. आता गिअरबॉक्स जॅकवर लटकलेला, लॉइड जमिनीला खिळलेला आणि चकती वर्नाच्या मांडीवर. नेमके तेव्हाच दारात बर्फाने माखलेले बूट उभे राहिले.

"मासे?" वर्नाने विचारलं.

"लागत नाहीयेत आज." आर्विडने गाडीबाहेर आलेल्या पायांकडे पाहिलं. "लॉइड का?"

"नाही," लॉइड गाडीखालून म्हणाला.

वर्ना बादलीवरून उठली. खुबा दुखत होता, पण हे बसून बोलण्यासारखं नव्हतं. "आर्विड, मी घेतली होती. तू इस्पितळात होतास. चकती की तू, एवढंच होतं." तिने चकती पुढे केली. "भोक पडलंय तिला."

आर्विडने ती हातात घेतली, उलटसुलट केली.

"नट घट्ट होता?"

"फार," गाडीखालून उत्तर आलं.

"असणारच. दर वर्षी ऑइल बदलताना मीच आवळतो."

वर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. "ऑइलचं बूच तर पुढे असतं."

"अगं, मी उताणा पडलेला असतो. मान वळते माझी." मग तो चकतीकडे बघत म्हणाला, "पहिल्याच उन्हाळ्यात दिसली. तसल्या थंडीत तू एकटी या फरशीवर पडून... मला वाटलं, सांगशील. नाही सांगितलंस. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

त्याने पिकअपचं दार उघडलं आणि सीटच्या मागून धुळीने भरलेला एक खोका काढला. आत कोरं रबर होतं.

"गिअरबॉक्स मी नंतर तुला न सांगता बदलला आणि ही तशीच परत लावली. तो शहात्तरचा आहे. त्याला हे लागतं."

"हे कधी आणलंस?"

"झाली बरीच वर्षं. लावलं असतं तर ही काढावी लागली असती. तू सांगितल्याशिवाय कायमची कशी काढणार? म्हणून तर शनिवारचा एवढा गाजावाजा केला. दुसरी कुणी असती तर न्याहारीलाच बोलली असती."

वर्नाने त्याच्या कोटाच्या बाहीवरचा बर्फ झटकला. बर्फ गेला तरी झटकत राहिली.

"आर्विड," गाडीखालून सावकाश आवाज आला. "तुला पहिल्या उन्हाळ्यापासून माहीत होतं?"

आर्विडने टोपी काढून डोकं खाजवलं.

"छप्पर फार छान साफ करतोस रे तू, लॉइड."

शहात्तरचं रबर पहिल्याच प्रयत्नात बसलं. आर्विडने वर्नाला शेजारी बसवून रिव्हर्स टाकला. दोघांनी दणक्यासाठी अंग आवळून धरलं. दणका आलाच नाही.

"चुकल्यासारखं वाटतं," वर्ना म्हणाली.

"होईल सवय."

संध्याकाळी चकती फळीवर आपल्या जागी परत गेली. लॉइड खिडकीशी खुर्ची ओढून, वड्यांचं ताट मांडीवर घेऊन बसला होता. छपरावरून फावड्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला, तशी लॉइडने खिडकी उघडून मान बाहेर काढली.

"डावा कोपरा राहिलाय, चकतीचोरा!"