मुकादमचाचा ऐकतात

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी साडेसहाला एक तरुण मुलगा जिवाच्या आकांताने किंचाळतो. चांगला चाळीस मिनिटं किंचाळतो आणि मग एकदम गप्प होतो. शुक्रवारी सुट्टी असते.

दुबईजवळच्या अजमानमधल्या या बिल्डिंगमध्ये येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. पहिल्या दिवशी मला वाटलं टीव्ही असेल. दुसऱ्या दिवशी मी इराला, म्हणजे माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला, बेडरूममध्ये घालून दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी आमचे हे म्हणाले, "लक्ष देऊ नकोस. परक्या देशात आपण कशाला मध्ये पडायचं? उगाच पोलीस, साक्ष, व्हिसाची भानगड." मी मूळची भित्री, त्यामुळे तेही पटलं. पण भित्र्या माणसाला राग फार लवकर येतो. चौथ्या दिवशी मी पोळी तव्यावर टाकून तशीच उठले, उलथन्यासकट समोर गेले आणि बेल दाबली. बेलचा उपयोग होईना, तेव्हा दोन्ही हातांनी दार बडवलं. आत तो मुलगा असा ओरडत होता की जणू कुणीतरी त्याचं बोट दारात चेंगरतंय.

दार उघडलं. लुंगी, बनियन, डोक्यावर विणलेली टोपी, साठीला टेकलेला बारकासा माणूस.

"कोणाला मारताय तुम्ही?" मी म्हटलं. माझा आवाज चिरकला होता.

तो माझ्या तोंडाकडे नीट बघत राहिला. मग उलथन्याकडे बघितलं. मग हसला.

"कोणाला नाय मारत, बाय. माझा अर्शद आहे. गातोय."

हे आमचे मुकादमचाचा. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. पस्तीस वर्षं इथे एसीच्या धंद्यात आहेत. शारजात रोल्ला भागातल्या एका कंपनीत मेंटेनन्सचे सुपरवायझर. आणि त्यांचा मुलगा अर्शद कॅनडात एका बँडमध्ये गायचा; इथे वाजायचं ते त्याचं रेकॉर्डिंग. बँडचं नाव मी सांगत नाही, त्यात एक मेलेला पक्षी आहे आणि संध्याकाळच्या वेळी ते नको. या संगीताला काय म्हणतात असं मी इराला विचारलं. ती म्हणाली, "पोस्ट-हार्डकोर, मम्मा. इट्स अ होल जॉनरा." म्हटलं, बाई गं, मला वाटलं होतं पोटदुखी.

चाचांकडे त्या बँडचं झाडून सगळं होतं. सुरुवातीची चार गाण्यांची कॅसेट, मग सहा गाण्यांची छोटी रेकॉर्ड, पहिला अल्बम, दुसऱ्या एका बँडबरोबर अर्धी-अर्धी काढलेली तबकडी, दुसरा अल्बम, स्टेजवरचं एक रेकॉर्डिंग. तबकडी वाजवायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. तबकड्या ते एसीचे फिल्टर ज्या प्लास्टिकमध्ये येतात त्यात गुंडाळून कपाटावर आडव्या ठेवायचे आणि गाणी दुकानातल्या पोराकडून पेनड्राइव्हवर घेऊन दोन मोठ्या स्पीकरवर लावायचे. पेनड्राइव्ह लावला की खुर्ची ओढून स्पीकरला नाक लागेल इतक्या जवळ बसायचे.

आणि ऐकायचे कसे? कान लावून नव्हे. स्क्रूड्रायव्हर लावून. टोक स्पीकरच्या लाकडावर, मूठ कानामागच्या हाडावर. छतावरचे चिलर, म्हणजे एसीची मोठी यंत्रं, तपासायची ही त्यांची जुनी पद्धत. सगळा स्टाफ मीटर लावून हैराण झाला की चाचा यायचे, स्क्रूड्रायव्हर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बेअरिंग. दोन महिने चालेल, मग खलास." आणि दोन महिन्यांनी खलास.

"आवाज बदलला की समजायचं," हे त्यांचं पालुपद. फ्रिजबद्दल, लिफ्टबद्दल, माझ्या मिक्सरबद्दल, सगळ्याबद्दल.

त्यांच्या टेबलावर कंपनीची सर्व्हिस कार्डं होती. मशीन नंबर, तारीख, तक्रार, उपाय असे रकाने छापलेली. मशीन नंबरच्या जागी त्यांनी गाण्याचा नंबर घातला होता. मी एकदा वाचलं. 'गाणं तिसरं. आवाज फुल. श्वास ठीक. जेवणखाण बरं असावं.' 'गाणं सातवं. दोन मिनिटांनंतर घरघर. थंडी बाधली. उपाय: मध, आलं.' पुढच्या अल्बमच्या कार्डावर: 'घरघर गेली. अल्हमदुलिल्ला.'

मी हसले. हसायलाच येणार ना! पण माणूस भयंकर गंभीर होता.

"हसू नको, बाय. ह्याच्यावरनंच मला कळतं पोरगा बरा आहे की नाय."

"मग फोन करा की सरळ."

यावर ते एकदम खिडकीकडे बघायला लागले. चाचांची भीती मी पुढे खूप पाहिली. ते गॅस तीनदा तपासतात, लिफ्टमध्ये आयत म्हणत बसतात, ऑफिसातून मेडिकल चेकअपचा मेसेज आला की दोन दिवस जेवत नाहीत. पण फोन हा शब्द काढल्यावर जो चेहरा व्हायचा तो वेगळा होता. मला वाटलं, भांडण असणार. होतंही. अर्शदने इंजिनिअरिंग अर्धवट सोडून बँड धरला तेव्हा चाचा म्हणाले होते, डिग्री मिळेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस. त्यानंतर सगळी ये-जा चाचींच्या मार्फत. त्या फोन घ्यायच्या, बोलायच्या आणि मग स्वयंपाकघरातून येऊन चाचांना सांगायच्या, असं म्हणतोय, तसं म्हणतोय. तीन वर्षांपूर्वी चाची गेल्या. अर्शद मातीला आला होता गावी. बापलेक शेजारी उभे राहिले आणि चार शब्द न बोलता आपापल्या विमानांनी परतले.

मला राग यायचा. म्हटलं ना, मला लवकर येतो. एवढा ताठा कशासाठी? पोराचा श्वास मोजत बसता आणि फोन उचलून 'कसा आहेस' विचारता येत नाही? मी तोंडावर बोलले एकदोनदा. चाचा नुसते म्हणायचे, "इन्शाल्ला, इन्शाल्ला," आणि मला घावने खायला घालायचे.

मग गेल्या महिन्यात बँडचा नवा अल्बम आला. चार वर्षांनी. चाचा आठवडाभर आधीपासून बेचैन. आमच्याकडे येऊन तीन-तीनदा तारीख विचारत होते. पोराचा आवाज कसा असेल, चार वर्षांत काय झालं असेल, आजारी तर नसेल, एक ना दोन. त्यांचं बघून मलाही धडकी भरायला लागली. शनिवारी सकाळी इराने त्यांना पेनड्राइव्हवर अल्बम भरून दिला. मी पोहे करत कान देऊन होते. समोरून किंचाळणं काही ऐकू आलं नाही. गिटारी वाजत होत्या, ढोल वाजत होते, भिंत थरथरत होती, पण किंचाळणं नव्हतं.

तासाभराने चाचा दारात. तोंड पांढरंफटक. हातात स्क्रूड्रायव्हर तसाच.

"बाय, तो नाहीये."

माझ्या हातातली डिश निसटली. "काय बोलताय? कोण नाहीये?"

"अर्शद. नऊ गाणी आहेत. नऊच्या नऊ ऐकली, दोनदा. कुठेच नाहीये. त्याला काय झालं, बाय? आवाज बदलला की समजायचं. पण आवाज नाहीच, मग काय समजायचं?"

मला तर काय काय सुचायला लागलं. अपघात, हॉस्पिटल, बर्फात घसरलेली गाडी. परमुलखात माणसाचं काही झालं तर कळायलाही दिवस जातात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मी इराला हाक मारली, आम्ही तिघं त्यांच्या घरात धावलो. "यल्ला, लाव लवकर," मी तिच्यावर खेकसले. तिने पहिलं गाणं लावलं.

गिटार सुरू झाली. आणि मग एक आवाज आला. तरुण मुलाचा, जरा बसका, अगदी हळू. कुणी शेजारी झोपलं असावं आणि त्याला जाग येऊ नये म्हणून गुणगुणावं तसा. पहिल्या शब्दापासून सुरू झाला आणि थांबलाच नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. इरा हसून म्हणाली, "ही इज राइट हिअर, अंकल. ही इज सिंगिंग. फक्त स्क्रीम करत नाहीये."

चाचा आमच्याकडे बघत होते. एकदा तिच्या तोंडाकडे, एकदा माझ्या.

"ऐकलंत ना?" ते म्हणाले. "नाहीये ना?"

आवाज चालूच होता. इराचं हसू मावळलं. तिने माझा हात धरला. खरं सांगते, इतकी भीती मला त्या किंचाळण्याची कधी वाटली नव्हती.

मी गाणं बंद केलं. चाचांच्या समोर गेले, उजेडात उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "चाचा, तुम्हाला किती ऐकू येतं?"

ते खुर्चीत बसले. हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

"डावा पार खलास," ते म्हणाले. "उजवा थोडा. पस्तीस वर्षं कंप्रेसरच्या बाजूला काढली, बाय. समोरच्याचं तोंड बघून समजतं मला. हाडाला लावलं तर मशीन समजतं. कंपनीला कळलं तर मेडिकल, मग व्हिसा कॅन्सल. कोणाला सांगू नको."

"आणि अर्शद?"

"फोन येतो त्याचा. ईदला येतो. त्याच्या अम्मीच्या बरसीला येतो. नाव दिसतं त्याचं. उचलून काय करू? फोनवर तोंड दिसत नाय. तो बोलेल आणि मी गप्प. त्याला वाटेल बाप अजून रागात आहे." त्यांनी डोळे पुसले. "ओरडायचा तेवढा ऐकू यायचा मला. तेवढंच माझं."

मला स्वतःची इतकी लाज वाटली. इतके दिवस मी याला ताठा म्हणत होते.

इरा मात्र पुढे झाली. ही माझी मुलगी, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. तिने गाणं परत सुरू केलं, चाचांच्या उजव्या बाजूला गुडघे टेकून बसली आणि त्या इंग्रजी गाण्याचा शब्द न् शब्द ऐकून त्यांच्या कानात मराठीत ओरडायला लागली. अडखळत, चुकत, गळ्याच्या शिरा ताणून.

"तो म्हणतोय, एकच खोली आहे! दिवसा पडदे ओढलेत! तो म्हणतोय, मी खेळतो, पण आवाज करत नाही! मम्मी बोटाने सांगते, श्श!" तिने दम घेतला. "तो म्हणतोय, हळू बोला! अब्बा झोपलेत! हळू बोला, अब्बा झोपलेत! हेच परत परत म्हणतोय, अंकल!"

चाचा ऐकत होते.

"नाईट शिफ्ट होती माझी तेव्हा," ते मला म्हणाले. "पाच-सहा वर्षांचा असेल तो. त्याची अम्मी दिवसभर त्याला गप्प करायची."

मग त्यांनी खिशातून फोन काढला, अर्शदचं नाव शोधलं, आणि फोन इराच्या हातात दिला.

"लाव, बेटा. त्याला सांग, अब्बा जागा आहे. म्हणावं, मोठ्यानं बोल."