नवरीच्या गाडीचं तोंड

विजेच्या गाडीला पुढून हवा लागत नाही. पुढे तापणारं इंजिन नसतं, त्यामुळे ते थंड करायला जाळीही लागत नाही, आणि जाळी नसली तरी गाडी सुरळीत चालते. एवढी साधी गोष्ट आमच्या ल्यूचौ शहरात प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण इथे दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. ठाऊक असणं आणि पटणं यांचा मात्र आमच्याकडे काही संबंध नाही.

वेई चोंगशान आमच्याच वसाहतीत राहतो. पाण्याचे मीटर दुरुस्त करतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. त्याचं लग्न लियांग सूयुनशी ठरलं होतं. ती लहान मुलांच्या रुग्णालयात परिचारिका. नवऱ्या मुलाने सजवलेल्या गाड्यांचा ताफा घेऊन नवरीला तिच्या घरून आणायचं, आणि ताफ्यातली पहिली गाडी प्रत्येक फोटोत यायची, हे आमच्याकडे ठरलेलंच. चोंगशानने भाड्याची लांबलचक काळी गाडी नाकारली आणि साठवलेल्या पैशांतून वानहे कंपनीची 'पांढरा ढग' ही नवी विजेची गाडी घेतली. एवढ्या एका शहाणपणाची त्याला पुढे जी शिक्षा झाली, तिची ही हकिगत.

पांढऱ्या ढगाचा पुढचा भाग सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत होता. दोन बाजूंना दोन बारीक दिवे आणि मध्ये काहीही नाही. गाडी वसाहतीत शिरली तशी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली सगळी मंडळी उठून तिच्यासमोर अर्धगोल करून उभी राहिली. मागे कुणी गेलं नाही, आत कुणी डोकावलं नाही, ब्रेक लागतात का हेही कुणी विचारलं नाही.

"ही गाडी नाही, इस्त्री आहे," लुओ काकूंनी निकाल दिला. कोपऱ्यावर त्यांचं गोगलगायीच्या रश्शातल्या शेवयांचं दुकान आहे.

"काकू, एका दमात नाननिंगला जाऊन परत येते ही," चोंगशान म्हणाला.

"जाईल की. पण नाननिंगचे लोक काय म्हणतील?"

नोंग मास्तर हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आयुष्यात त्यांनी सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही, त्यामुळे त्यांची मतं कुठल्याच अनुभवाने बाटलेली नाहीत. ते बराच वेळ हात मागे बांधून उभे होते. मग म्हणाले, "हिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. गाडीकडे बघून माणसाला काहीतरी वाटायला हवं."

"मास्तर, ही बसून जायला घेतलीय."

"तेच तुमच्या पिढीचं चुकतं."

संध्याकाळी सूयुनची आई, पान मावशी, भावी जावयाची गाडी पाहायला आल्या. त्या गाडीभोवती फिरल्या नाहीत. पुढे येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "हिचं तोंड कुठाय?"

"विजेच्या गाडीला लागत नाही, मावशी."

"गाडीला लागत नसेल, मला लागतं. माझी मुलगी बिनतोंडाच्या गाडीतून सासरी जाणार? म्हणजे तिकडे गेल्यावर तिनेही तोंड उघडायचं नाही, असंच ना?"

"पण आत बसल्यावर गाडीचं तोंड दिसतच नाही हो."

"आत ती बसणार आहे. बाहेर मी उभी राहणार आहे," मावशी म्हणाल्या आणि लग्नाची तारीख पुढे ढकलून घरी गेल्या.

सूयुनने हे ऐकलं तेव्हा ती रात्रपाळीहून परतत होती. तिने फोनवर एवढंच विचारलं, "गाडीत गारवा नीट येतो ना?"

"येतो."

"मग झालं. तू ये. गाडीला तोंड असो नाही तर शेपूट असो." पुढे ती म्हणाली, "ऐक. बेइहाईच्या मोठ्या रुग्णालयातून मला बोलावणं आलंय. लग्न झालं तर मी इथेच राहीन, तसं कळवलंय त्यांना. पण ते काही जन्मभर थांबणार नाहीत."

एखाद्या शहाण्या माणसाने यावर गाडीला फुलं बांधून तिचं घर गाठलं असतं. चोंगशान शहाणाच होता, पण ग्राहकही होता. त्याने वानहे कंपनीकडे आपलं मत नोंदवलं.

आता वानहे कंपनीबद्दल थोडं. तिथे बॅटरीवर जेवढी माणसं काम करतात, त्याहून जास्त 'अग्रभाग जनमत कक्षा'त बसतात. कोणतंही मत लहान नाही, हे कंपनीचं ब्रीद. मत देणाऱ्याने गाडी घेतली आहे का, घेणार आहे का, त्याला गाडी चालवता येते का, असले प्रश्न विचारणं तिथे असभ्य मानतात. कंपनीचे अध्यक्ष मो साहेब थेट प्रक्षेपणात आले, पान मावशींचा फोटो छातीशी धरला आणि डोळे टिपत म्हणाले, "एका सासूबाईंची नाराजी ही आमच्या संपूर्ण संस्थेची नाराजी आहे." लगोलग 'मुखसुधार अभियान' जाहीर झालं. चोंगशानच्या वाट्याला थाओ नावाची एक समाधान अधिकारी आली.

"आपलं मत आम्हाला मिळालं याबद्दल आपलं अभिनंदन," थाओबाई म्हणाल्या.

पहिल्या सुधारणेत गाडीच्या पुढे काळ्या प्लास्टिकची रुंद जाळी चिकटवण्यात आली. जाळीमागे भोक नव्हतं. तिच्यातून हवा आत जात नव्हती, पण जात असावी असं बघणाऱ्याला वाटत होतं, आणि गाडीत बसणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त असल्याने कंपनीने बहुमताचा आदर केला होता. पान मावशींनी मान डोलावली. लग्नाची दुसरी तारीख निघाली.

ती तारीख यायच्या आधी आमच्या वसाहतीत एक म्हातारबाबा वारले. अंगणात दुखवट्याचा मांडव उभा राहिला, भोंगे वाजू लागले आणि नेमकी त्याच वेळी चोंगशानची गाडी कामावरून परत आली. रुंद जाळीमुळे ती हसत होती. अगदी कानापर्यंत.

"प्रेतासमोर दात काढते?" नोंग मास्तर ताडकन उठले. "हे हसण्यावारी नेता येणार नाही!"

म्हाताऱ्याच्या मुलांनी भांडण काढलं. पान मावशींनी मयताला हसलेल्या गाडीतून मुलगी पाठवणं साफ नाकारलं. दुसरी तारीख गेली. चोंगशानने पुन्हा मत नोंदवलं, आणि थाओबाईंनी पुन्हा त्याचं अभिनंदन केलं.

मग जाळी अरुंद करून ओठ मिटवण्यात आले. आता गाडी रागावलेली दिसू लागली, म्हणून वसाहतीचा पहारेकरी फाटकाचा दांडा वर करेना. "आधी तिला नीट बघायला सांगा," म्हणाला. दिवे गोल केले, तर गाडी रडवेली झाली आणि लुओ काकूंच्या दुकानासमोर उभी असली की गिऱ्हाइकांची भूक मरते अशी तक्रार आली. चोंगशान बिचारा रोज गाडी पुसायचा आणि रोज तिच्यासमोर उभा राहून तिला अनोळखी माणसांच्या नजरेने न्याहाळायचा. सूयुनच्या दोन फोनांपैकी एक तो उचलायचा. उचलला की तिला विचारायचा, "खरं सांग, डोळे जरा जवळ आले असते तर?"

ती म्हणायची, "कुणाचे?"

अखेर कंपनीने या सगळ्या कटकटीवर एकदाच काय तो उपाय काढला. गाडीचा संपूर्ण पुढचा भाग म्हणजे एक पडदा करण्यात आला. त्यावर मालकाला हवा तो चेहरा आणता येई: प्रसन्न, गंभीर, विवाह, शोक, शेजाऱ्यांसाठी सौम्य. शिवाय रस्त्यावरच्या कुणालाही आपला फोन धरून समोरच्या चेहऱ्यावर मत देता येई आणि बहुमत झालं की चेहरा आपोआप बदले. मो साहेबांनी याला 'लोकाभिमुख अग्रभाग' असं नाव दिलं आणि पुन्हा डोळे टिपले.

पडदा फार वीज खाई. नाननिंगला जाऊन परत येणारी गाडी आता नुसती जाऊ लागली, आणि वाटेत गर्दी लागून चेहरा वारंवार बदलला तर लाइबिनलाच मान टाकू लागली. म्हणून पुढच्या भागात आणखी एक बॅटरी बसवली. ती आणि पडदा मिळून इतकं तापू लागलं की पुढून हवा घेणं भाग पडलं. कंपनीने पडद्याखाली भोक पाडून जाळी बसवली.

"आता ही जाळी खरी आहे," थाओबाई अभिमानाने म्हणाल्या. "आपल्या मूळ मताला यामुळे शास्त्रीय आधार मिळाला."

तरीही वीज कमीच पडत होती. तेव्हा केवळ पडद्यासाठी एक छोटं पेट्रोलचं इंजिन पुढे बसवण्यात आलं. चालायला वीज आणि दिसायला पेट्रोल, अशी ती व्यवस्था होती. पान मावशी गाडी पाहायला आल्या तेव्हा ती धडधडत, धूर सोडत, समोरच्या पडद्यावर मंद स्मित करत उभी होती. मावशींनी रुमालाने नाक धरलं.

"एवढा आवाज, एवढा धूर! काय रे हे? सगळी दुनिया विजेची घेते, तूही तीच घ्यायची ना!"

चोंगशान फडक्याने पडद्यावरची काजळी पुसू लागला. मला त्याची दया आली आणि संतापही आला. तोंड सांभाळता सांभाळता त्याने गाडीचं पोटच बदलून टाकलं होतं.

या खेपेला तारीख सूयुनने स्वतः ठरवली. आईलाही विचारलं नाही. चोंगशानला म्हणाली, "बेइहाईला मी शेवटचं कळवायचंय. तू त्या दिवशी दुपारच्या आत वर ये. मैत्रिणी दार अडवतील, त्यांना पैशांची लाल पाकिटं दे. माझा बूट लपवलेला असेल, तो शोध. माझ्या पायात घाल आणि मला घेऊन जा. बाकी मला काही नको."

"येतो. नक्की येतो."

आणि तो आला, हे कबूल केलं पाहिजे. सकाळच्या उन्हात ताफा सूयुनच्या इमारतीखाली लागला. फटाके फुटले. पहिल्या गाडीच्या पडद्यावर 'विवाह' चेहरा होता, गालांवर लाली असलेला. चोंगशान हातात गुच्छ घेऊन जिन्याकडे निघाला, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "नवरीपेक्षा गाडीच जास्त लाजतेय!" लोक हसले. फोन वर झाले. मतं पडू लागली. चेहरा बदलला.

चोंगशान जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मागे वळला.

नंतर जे झालं ते फार शिस्तीत झालं. नवरीकडच्यांना प्रसन्न चेहरा हवा होता, मुलाकडच्यांना भारदस्त. लुओ काकू म्हणाल्या, भुवया हव्यात. नोंग मास्तर खास त्यासाठी सायकलवरून आले होते. त्यांचं म्हणणं पडलं की मुळात चेहरा म्हणजे काय, हेच आधी ठरवलं पाहिजे. पान मावशी मुलीजवळ बसायचं सोडून खाली उतरल्या, कारण त्यांचं मत अजून द्यायचं होतं. मो साहेबांनी दुरून प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हा ज्यांनी ल्यूचौ शहर कधी पाहिलं नाही तेही मतं देऊ लागले. चोंगशान गाडीसमोर उभा राहून एकेकाला म्हणत होता, "बरोबर आहे तुमचं. तुमचंही बरोबर आहे."

वरच्या खिडकीतून सूयुनची मैत्रीण ओरडली, "अहो जावईबुवा, दार आम्ही अडवायचं असतं! तुम्ही कशाला खाली अडून बसलात?"

"आलो, आलो! एवढ्या भुवया ठरल्या की आलोच!"

दुपार झाली आणि टळली. पुढचं मला त्या मैत्रिणीकडून कळलं, कारण मीसुद्धा तेव्हा गाडीच्या पुढच्याच बाजूला उभा होतो. बूट भात शिजवायच्या कुकरमध्ये लपवला होता. सूयुन पलंगावरून उतरली, एका पायाने लंगडत स्वयंपाकघरात गेली, झाकण उघडून बूट काढला आणि स्वतःच पायात घातला. मैत्रिणी दार अडवायचं विसरल्या. लाल पोशाखातच, हातात एक पिशवी घेऊन ती जिना उतरली, आमच्या सगळ्यांच्या पाठीमागून चालत रस्त्यावर गेली आणि स्टेशनकडे जाणाऱ्या टॅक्सीत बसली. आमच्यातल्या एकानेही मान वळवली नाही.

थोड्या वेळाने बहुमत झालं. 'प्रसन्न, पण मर्यादेत' हा चेहरा निवडून आला, भुवयांसकट. टाळ्या पडल्या. चोंगशान तीन-तीन पायऱ्या उड्या मारत वर गेला आणि सावकाश खाली आला.

"सूयुन गेली," तो म्हणाला.

पान मावशी मटकन फुटपाथवर बसल्या. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मत निघालं नाही, रडू निघालं. चोंगशानने फोन लावला तेव्हा सूयुन आगगाडीत होती. तिचा आवाज शांत होता. "तू आलास तेव्हा मी खिडकीत उभी होते," ती म्हणाली. "तुला वाटलं असेल तुझं सगळं लक्ष आपल्या लग्नाकडे आहे. तू एकदाही वर बघितलं नाहीस रे." तिने फोन ठेवला. तो मात्र कानाला फोन लावून तसाच उभा राहिला, आणि त्याच्यामागे पडदा प्रसन्न, पण मर्यादेत हसत होता.

नोंग मास्तर घसा खाकरून म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, गाडीत काहीतरी उणं आहे." यावर पुन्हा दोन तट पडले.

सूयुन बेइहाईला रुजू झाली आणि परत आली नाही. चोंगशान मीटर दुरुस्त करतो आणि बसने जातो. वानहे कंपनीने या प्रकाराची गंभीर दखल घेऊन नव्या गाडीचा पुढचा भाग पुन्हा अंड्यासारखा गुळगुळीत केला आहे आणि त्यावर मतं मागवली आहेत.

तुमचंही मत एव्हाना झालंच असेल. जाळी हवी होती की नको, दिवे बारीक बरे की गोल, सगळं तुम्ही मनातल्या मनात ठरवून टाकलं असेल, आणि ती गाडी तुमच्या डोळ्यांसमोर हुबेहूब उभी असेल. सूयुन दिसायला कशी होती, हे मी सबंध गोष्टीत कुठेही सांगितलं नाही. तुम्हालाही त्यात काही राहून गेल्यासारखं वाटलं नाही.