सहावा पुंकेसर

लिलीच्या बाबतीत कॅनडातल्या अख्ख्या मॅनिटोबात माझ्यासारखा जाणकार नाही! आमच्या गल्लीतल्या मधमाश्यासुद्धा फुलावर बसण्याआधी माझ्याकडे एकदा बघून घेतात. तरी चर्चच्या हॉलमधल्या जुलैच्या प्रदर्शनात पहिल्या नंबरची निळी फीत मला एकदाही मिळालेली नाही. कारण एकच : शेजारचा वेन्डेल फ्रीसन. अकरा वर्षं फीत त्याच्याच घरी! मी भांडी घासायला उभा राहिलो, की त्याच्या खिडकीतल्या त्या अकरा फिती मला वाकुल्या दाखवतात.

वर माणूस चांगला! म्हणजे जळायचीही चोरी. माझी पांढरी लिलीसुद्धा त्यानेच दिलेल्या कंदाची. "घे रे ओरेस्ट, माझ्याकडे उगाच दाटी झालीय." दाटी म्हणे!

परवा माझी बायको मारूस्या कुंपणापलीकडे बघत म्हणाली, "वेन्डेलची लिली कशी ताठ उभी राहते! नाहीतर तू."

"माझं वय त्र्याहत्तर आहे!"

"त्याचं शहात्तर."

ठरलं! यंदा फीत माझी, मग काहीही करावं लागो.

तुम्ही लोक लिलीच्या पाकळ्या बघता. आम्ही आधी पुंकेसर मोजतो. सहा हवेत, आणि प्रत्येकाच्या टोकाला परागाची तपकिरी पिशवी. नवरीच्या झग्याला डाग नको म्हणून फुलवाले ते खुडून टाकतात. आमच्याकडे एक जरी कमी भरला तरी फूल बाद! डोक्याने जरा कमी असलेल्या माणसाला आमच्या गावात 'पाच पुंकेसरांचा' म्हणतात, आता बोला.

तर प्रदर्शनाच्या सकाळी मी माझं फूल खिडकीत, अगदी मोक्याच्या जागी मांडलं. वेन्डेल उशिरा आला, त्याला पियानोजवळचा अंधारा कोपरा मिळाला. बाटल्या सगळ्यांच्या सारख्या, नावाची चिठ्ठी घडी घालून खाली. परीक्षणाआधी सगळे शेजारच्या खोलीत कॉफी प्यायला गेले. मी मात्र चष्मा विसरल्याचं सांगून परत आलो, पियानोजवळच्या फुलात नाक खुपसलं आणि मारूस्याची नखांची कात्री चालवली. कच्!

"काय करतोयस रे तिथे?" दारातून टीना पेनर ओरडली. हॉलची व्यवस्था तिच्याकडे.

"वास घेतोय!"

"मग घे, पण खाऊ नकोस!"

तासाभराने परीक्षक ओगिल्वीबाईंनी घसा खाकरला. "पियानोजवळचं फूल यंदाचं सर्वात सुंदर. पण पुंकेसर पाच. बाद! निळी फीत खिडकीतल्या फुलाला."

माझी छाती पियानोएवढी झाली! तरी चेहरा पाडून मी वेन्डेलच्या पाठीवर हात ठेवला. "वाईट झालं रे."

त्याच्या डोळ्यांत पाणी. "अरे, तू कसला माझी समजूत घालतोस? ते फूल तुझंच होतं!"

"माझं?"

"खिडकीत उन्हानं मान टाकत होतं, म्हणून कॉफीला जाताना मी सावलीत नेऊन ठेवलं. माझं ठेवलं उन्हात."

म्हणजे उन्हात भाजूनही बारावी फीत त्यालाच!

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो खुर्चीवर चढला. "हे कुणीतरी कापलंय! जो वाकला असेल, त्याच्या नाकाला पराग लागलाच असणार. सगळ्यांची नाकं बघा!"

माझं काळीज चपलेत गेलं. चौतीस माणसांनी एकमेकांकडे बघितलं. चौतीसही नाकं तपकिरी! पाद्रीबाबांचं तर मिशीपर्यंत. लिलीचं प्रदर्शन ते, हुंगल्याशिवाय कोण राहतंय?

मी सुटलो म्हणेपर्यंत मारूस्याने माझ्या खिशातून डोकावणारी कात्री काढून मुकाट्याने आपल्या पर्समध्ये टाकली. "घरी चल, मग बघते," एवढंच म्हणाली.

पण वेन्डेलचा चांगुलपणा अजून संपला नव्हता. "पुढच्या वर्षीपासून फुलांना राखण हवी," तो म्हणाला. "आणि आज ज्याचं काळीज तुटलंय, त्याच्याइतकी डोळ्यांत तेल घालून राखण कोण करणार? आपला ओरेस्ट! कायमचा!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. वेन्डेलने मला मिठी मारली. टाळ्या थांबल्यावर ओगिल्वीबाईंनी लगेच वहीत नोंद केली आणि मोठ्याने वाचून दाखवली : राखणदाराला स्वतःचं फूल मांडता येणार नाही.

मी पुढे होऊन आभाराचे दोन शब्द बोललो. दुसरं काय करणार?