बैलगाडीला वळसा

"मारेल की. का नाही मारणार? त्याचीच तर किक आहे," असं पारुबाईनं फोनवर सांगून टाकलं, फोन ओट्यावर ठेवला आणि तव्यावरची भाकरी उलटली. दारात बसून तूर निवडणाऱ्या आशाचे हात थांबले.

"कोणाचा होता?"

"सभापती सुपडूआप्पांचा. रविवारी तुझ्या शाळेच्या मैदानावर दानियलचा सत्कार आहे ना, तिथं त्यानं सिनेमातली किक मारून दाखवायची. बैलगाडी उभी करणार आहेत, अगदी सिनेमातल्यासारखी."

"आणि तू हो म्हणालीस."

"एवढा मोठा माणूस विचारतो, तर नाही कसं म्हणायचं?"

"आई, ती किक दानियलनं कधी मारली होती?"

पारुबाईनं आधी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारचा लखन कुंपणाशी बैलांना पाणी दाखवत होता. "हळू बोल," ती म्हणाली.

वीस वर्षांपूर्वी सिनेमावाले नवापूरच्या या डोंगरात आले, तेव्हा जवळजवळ अख्खं गाव ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं होतं. दिग्दर्शकाला एक पोरगं हवं होतं. पारुबाईचा धाकटा दानियल तेव्हा आठ वर्षांचा. त्याचा चेहराच असा, की पोटभर जेवून उभा राहिला तरी बघणाऱ्याला वाटावं, बिचारा दोन दिवसांचा उपाशी आहे. बोलणं चोख, रडणं त्याहून चोख. फक्त शेवटच्या प्रसंगात त्यानं गवतानं भरलेल्या बैलगाडीला वळसा घालून चेंडू दोन बांबूंच्या मधून घालवायचा होता. दानियलनं तीन दिवस चेंडू मारला. तीन दिवस तो गाडीवरच आपटला, एकदा तर बैलाच्या कपाळावर.

चौथ्या दिवशी पारुबाईनं अकरा वर्षांच्या आशाचे केस कापले, तिला दानियलची चड्डी आणि बनियन घातलं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी केली. आशा नदीच्या वाळूत चिंध्यांचा चेंडू लाथाडत वाढलेली. दोन तिरकी पावलं, एक छोटी उडी, आणि चेंडू चाकाच्या बाजूनं असा वळला की दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "हे कोणाला सांगायचं नाही," तो म्हणाला, कारण सगळी कामं पोरानं स्वतः केली असं पोस्टरवर आधीच छापून झालं होतं. पारुबाईनं शब्द दिला. आशाला लाल फ्रॉक मिळाला. ऊसतोडीहून परतलेल्या गावाला सांगितलं, की पोरीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या.

पुढं दानियलनं बिस्किटाच्या जाहिरातीत काम केलं, दोन मालिकांमध्ये रडला. तेराव्या वर्षी आवाज फुटला, मिसरूड आली, आणि त्याला पाहून कोणाला रडू येईना. सिनेमा सुटला, किक मात्र सुटली नाही. नंदुरबारला शाळेच्या फुटबॉल संघाची निवड होती. खेळाच्या सरांनी नाव ऐकलं आणि चेंडू त्याच्या पुढ्यात ठेवला. दानियलनं घोटा धरला. अभिनय तर येतच होता. "लचकलाय, सर." सर म्हणाले, "मग आजच्या दिवस गोलमध्ये उभा राहा." त्या दिवशी त्याच्या हातून एकही चेंडू सुटला नाही. मग जिल्ह्याचा संघ, मग राज्याचा, मग पुण्याची अकादमी, गोव्याचा क्लब, तिथून कोलकाता. जिथं गेला तिथं पहिल्याच दिवशी कोणीतरी ती किक मागायचं, आणि पहिल्याच दिवशी त्याचा घोटा लचकायचा. एका लचकलेल्या घोट्यावर माणूस इतका वर चढल्याचं दुसरं उदाहरण पारुबाईला ठाऊक नव्हतं. तिला त्याचा अभिमानच होता.

शुक्रवारी दानियल घरी आला आणि बॅग खाली ठेवण्याआधीच म्हणाला, "आई, घोटा लचकलाय म्हणून सांगायचं होतंस."

"मला वाटलं, इतकी वर्षं खेळतोस, एव्हाना शिकला असशील."

"मी चेंडू अडवतो, आई. मारला तरी लांब मारतो, सरळ मारतो. वळवत नाही."

"पाय तर तेच आहेत ना?"

"तीच तर अडचण आहे."

तरीही शनिवारी सकाळी लखनची गाडी गवत भरून रानात उभी केली. लखनला सांगितलं, जरा हात साफ करायचाय. पहिला चेंडू गाडीवरून, आंब्यावरून थेट चर्चच्या पत्र्यावर गेला. आत प्रार्थनेला बसलेल्या बायका बाहेर आल्या आणि तिथंच बसून बघू लागल्या. दुसरा चेंडू दानियलनं जमिनीलगत मारायचा प्रयत्न केला. तो जीवण्याच्या पुठ्ठ्यावर बसला. लखनच्या डाव्या बैलाचं नाव जीवण्या. जीवण्यानं मान झटकली, शेपूट वर केली आणि सोबत्याला व गाडीला घेऊन तो निघाला तो थांबलाच नाही. हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. दुपारी लखनला बैल गुजरातेत सापडले. गाडीचं एक चाक महाराष्ट्रातच राहिलं होतं.

लखन रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं सुपडूआप्पांना फोन केला. "आप्पा, दुसरी गाडी मागवा. मजबूत बघा. दानियल असा मारतो की बैल राज्य सोडून गेले."

ही बातमी संध्याकाळपर्यंत नंदुरबारच्या मिरची बाजारात पोचली. रविवारी सकाळी जीपगाड्यांची रांग लागली. टपावरही माणसं बसलेली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव पडद्यावर तो सिनेमा दाखवायची पद्धतच पडली होती, त्यामुळे ती किक न पाहिलेला माणूस तालुक्यात शोधून सापडला नसता.

आशा शिकवायची त्या आश्रमशाळेचं मैदान म्हणजे दगडांचा उतार. तिच्या वर्गातल्या मुली त्याच्यावरच फुटबॉल खेळायच्या, आणि शाळेत एकही गुडघा न फुटलेली मुलगी नव्हती. आज त्या कडेच्या दगडांवर ओळीनं बसल्या होत्या. मैदान सपाट करून द्या, असे चार वर्षांत तिनं सात अर्ज केले होते. सुपडूआप्पांनी माइक हातात घेतला, गर्दीकडे पाहिलं, आणि त्यांची छाती भरून आली.

"मंडळी, आज चेंडू या गाडीला वळसा घालून जाळीत गेला, तर उद्या या मैदानावर जेसीबी चालेल. हा माझा शब्द. नाही गेला, तर पुढच्या वर्षी बघू."

मग माइक बाजूला धरून ते दानियलच्या कानाशी म्हणाले, "दानियलभाऊ, मन्ही इज्जत तुन्हा पायमा शे."

दानियलचा हात सवयीनं घोट्याकडे गेला.

"घोटा धरलास तर बघ," आशा हळूच म्हणाली. "सात अर्ज केलेत मी."

दानियल सरळ उभा राहिला. पारुबाईला पुढच्या खुर्चीतून त्याचा चेहरा दिसला आणि तिनं ओळखलं, आता हा खरं बोलणार.

"ती किक मी मारली नव्हती," तो माइकवर म्हणाला. "माझ्या बहिणीनं मारली होती. या आशाताईनं."

लोक हसले. मग टाळ्या पडल्या. सुपडूआप्पांनी डोळ्यांना रुमाल लावला. "एवढा मोठा खेळाडू, आणि पाहा, बहिणीला पुढं करतोय. याला म्हणतात संस्कार."

"संस्कार राहू द्या, आप्पा," आशानं चपला काढल्या आणि पदर कमरेला खोचला. "मी मारते. तुमचा शब्द तोच ना?"

आप्पा खुशीत होते. "तोच, ताई. पण जाळीत तुमचा भाऊ उभा राहील. काहीतरी चुरस पाहिजे."

"ताई," दानियल तिच्याजवळ येऊन कुजबुजला, "मला मुद्दाम सोडता येत नाही गं. हात आपोआप जातो."

"तुला सोड म्हणालं कोण?"

दोन तिरकी पावलं, एक छोटी उडी. चेंडू गाडीच्या मागं दिसेनासा झाला, चाकापलीकडून निघाला आणि कोपऱ्यात गेला. दानियल अंग झोकून त्याच्यामागं पडला होता, दगडांवर, चेंडूच्या चांगला हातभर अलीकडे.

"काय पडला," कोणीतरी म्हणालं. "अजून अभिनय विसरला नाही."

"भाऊ आहे, सोडणारच," लखन म्हणाला.

सुपडूआप्पा मनापासून हसत होते. "ताई, हा तर मायेचा गोल झाला. मायेवर जेसीबी कसा देऊ? पुन्हा मारा. आणि दानियल, आता खरं अडव."

दानियलनं कोपर पुसलं. दुसऱ्या वेळी त्याची दोन बोटं चेंडूला लागली. चेंडूनं त्यांची दखल घेतली नाही. या वेळी हसणारे कमी होते.

आप्पांनी तोंड उघडण्याआधीच दानियल म्हणाला, "अजून एक मार." हा आवाज पारुबाईनं घरात कधी ऐकला नव्हता. कोलकात्याला तो याच आवाजात बोलत असावा. तो दोन पावलं पुढं सरकला, गुडघे वाकवले, डोळे चाकावर रोवले. आशानं चेंडू ठेवला, बाजूचा एक दगड उचलून फेकला आणि मारला. दानियल या वेळी योग्य बाजूला, योग्य वेळी, पूर्ण लांबी पसरून उडाला. चेंडू त्याच्या नखांवरून वळून आत गेला. तो पालथा पडून राहिला, तोंडातली माती थुंकत.

कोणी हसलं नाही. मग एका जीपच्या टपावरून एक म्हातारा सावकाश म्हणाला, "आप्पा, हाई तं पिच्चरमधलीच शे. ती उडी दखा ना."

सगळ्या माना आधी आशाकडे वळल्या, मग दानियलकडे, आणि मग, बराच विचार करून, पुढच्या खुर्चीकडे. सुपडूआप्पा शाल हातात घेऊन पारुबाईसमोर आले. शाल त्यांनी एकच आणली होती.

"पारुबाई," ते म्हणाले, "वीस वर्षं आम्ही चुकीच्या माणसाला टाळ्या वाजवल्या. आता हा सत्कार करू तरी कोणाचा?"

पारुबाई उठली. लुगडं सारखं केलं.

"चेहरा याचा होता, पाय हिचे होते," ती म्हणाली. "दोन्ही माझ्याच घरचे. तुम्हाला कमी काय दिलं, ते सांगा."

पारुबाईनं आप्पांच्या हातातली शाल घेतली, झटकली, स्वतःच्या खांद्यावर नीट बसवली आणि म्हणाली, "आणि उद्या जेसीबी किती वाजता येतो तेवढं त्या मुलींना माइकवरून सांगून टाका, म्हणजे त्या दगडांवरून उठतील."